एका नोंदीतले दोघं

बाबांचं पित्ताशय २०२१ सालीच काढून झालं होतं. फक्त ते निघालं काकांच्या पोटातून.

यात काही चूक आहे असं आमच्या घरात कोणाला वाटत नव्हतं. बाबा, म्हणजे दिवाकर पिंपळशेंडे, सिमेंट कारखान्याच्या पॅकिंग खात्यात पर्मनंट होते. कारखान्याचं दवाखान्याचं कार्ड त्यांच्या नावावर होतं. त्यांचा धाकटा भाऊ पुंडलिक, म्हणजे माझे काका, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. बँडवाल्यांना कार्ड नसतं, टोपी असते. काकांनी स्वतः लग्न केलं नाही. इतकी लग्नं जवळून बघितल्यावर कोण करेल, असं ते म्हणायचे. ते आमच्याच घरात राहायचे. आणि आमच्याकडे रेशनकार्ड घराचं असतं, गॅस घराचा असतो, तर दवाखान्याचं कार्डही घराचंच असणार, हे इतकं उघड होतं की त्यावर कधी चर्चा झाली नाही. २०११ साली काकांना कावीळ झाली तेव्हा बाबांनी सायकलची किल्ली द्यावी तसं कार्ड काढून दिलं.

"नाव विचारलं तं दिवाकर सांगजो."

"अन् वय?"

"दोन वर्षं वाढवून सांग. तसाही तू माह्यापरीस म्हातारा दिसते."

तेव्हापासून पंचवीस वर्षं, काका आजारी पडले की कागदावर बाबा आजारी पडत. २०२१ ला पित्ताशय. २०२६ ला शुगर. २०३२ ला दोन्ही किडन्या. तीस वर्षं ढोलाशेजारी उभं राहून काकांचं डोकं दुखायचं आणि तीस वर्षं ते त्यावर गोळ्या खात होते. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. कारखान्याचा दवाखाना बंद होऊन सगळं सरकारी रुग्णालयात आलं, नोंदीही आल्या, आणि काका तिथल्या सहा नंबरच्या खुर्चीवर 'दिवाकरभाऊ' म्हणून बसू लागले. बाबा स्वतः कधी आजारी पडले नाहीत. पडलेही असतील, पण कार्ड काकांकडे असायचं.

२०३६ च्या होळीनंतर दोन दिवसांनी बाबांच्या पोटात दुखायला लागलं. उजवीकडे, बरगडीखाली.

मी त्याच रुग्णालयात काम करतो. त्यामुळे रांग न लावता बाबांना थेट डॉक्टर शेफाली वासेकरांकडे नेलं. त्या सर्जन आहेत, आणि पापणी न हलवता बोलतात. त्यांनी बाबांच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला. पडद्यावर एक फुगलेली पिशवी दिसली, भिंत जाड झालेली, आत खडे.

"दिसतंय?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"दिसतंय."

मग पडद्याच्या कोपऱ्यातलं चक्र फिरलं. यंत्राने बाबांची नोंद वाचली. चित्र हळूहळू गुळगुळीत झालं, पिशवी गेली, आणि त्या जागी अक्षरं आली: आतड्याचं वळण. वायू. धने-जिऱ्याचं पाणी सुचवले आहे.

"आता?"

"आता गेलं."

"सात वर्षं सर्जरी करतेय," त्या म्हणाल्या, "न कापता काढलेलं आज पहिल्यांदा पाहिलं."

बाबा टेबलावरून म्हणाले, "दुखणं मात्र तिथंच आहे, मॅडम."

हे कसं झालं ते कळायला नोंदींचे प्रकार माहीत हवेत. नवीन आलेल्या नर्सना मी ते दर सोमवारी शिकवतो, त्यामुळे माझे पाठ आहेत. रुग्णाची नोंद तीन प्रकारची. पहिली दवाखान्याची स्वतःची. ती तिथेच जन्मते, तिथेच राहते. शेजारच्या दवाखान्याला दाखवायची तर छापून पिशवीत घालून न्यावी लागे. दुसरी सामायिक. तिच्यात एका क्रमांकाखाली सगळे दवाखाने, लॅब, औषधवाले लिहितात. तुम्ही नागपुरात खोकलात तर इकडे आम्हाला कळतं. तिसरी रुग्णाची स्वतःची, त्याच्या फोनमधली, त्याने स्वतः लिहिलेली. ही सर्वांत खरी असते आणि ती कोणी वाचत नाही.

२०३१ साली राज्यात 'सांधणी' आली. तिने तिन्ही प्रकार एकत्र शिवले. नाव, जन्मसाल, पत्ता, रक्तगट, चेहरा हे सगळं पुरेसं जुळलं की ती माणूस एकच धरते. चेहरा दर भेटीला ती थोडा थोडा सुधारते, कारण माणसं म्हातारी होतात. दिवाकर पिंपळशेंडे या क्रमांकासमोर कधी बाबा उभे राहिले होते, बहुतेक वेळा काका. त्यामुळे यंत्राच्या लेखी बाबांचा चेहरा म्हणजे दोघांची सरासरी. दोघंही त्यात बसायचे. तसा माणूस मात्र जगात कुठे नव्हता.

शिवलेल्या नोंदींवरून सांधणी प्रत्येकाचा 'देहपट' बनवते, म्हणजे आकड्यांमधलं शरीर. कोणता अवयव कुठे आहे, कोणता काढला, कोणतं औषध झेपेल, भूल किती द्यायची. ताजी चाचणी देहपटाशी भांडली तर खरं कोणाचं? सांधणीने असली लाखो भांडणं तपासली होती. बहुतेक वेळा चूक निघाली ताज्या चाचणीची: प्रोब वाकडा धरलेला, रक्ताच्या नळीवर दुसऱ्याची चिठ्ठी. म्हणून ती शिकली की जुनं ते खरं. आपल्याकडे एवढं शिकायला यंत्राची गरज नव्हती. पण ते यंत्राने शिकल्यावर एक झालं. भुलीच्या औषधांचं कपाट देहपटाच्या परवानगीशिवाय उघडत नाही.

माझं पद 'सांधणी साहाय्यक'. नोंदींमध्ये विसंगती दिसली की सांधणी लाल खूण करते आणि माझ्यासारखा माणूस ती तपासतो. दिवाकर पिंपळशेंडे या नोंदीवर पाच वर्षांत एकतीस लाल खुणा आल्या. एकतीस वेळा मी 'तपासले, योग्य' असं लिहून त्या पुसल्या.

डॉक्टर वासेकरांनी मला बाहेर बोलावलं.

"पित्ताशय पुन्हा उगवत नाही, प्रणय."

"नाही, मॅडम."

"मग २०२१ ला निघालं ते कोणाचं?"

समोर हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं पोस्टर होतं. मी सहाही वाचल्या. "काकांचं."

"डायलिसिस?"

"काकांचं."

"शुगर?"

"काकांची."

"मग यांचं स्वतःचं आहे काय?"

"एक दाढ," मी म्हणालो. "२०१७ ला काढलेली. बहुतेक."

त्या म्हणाल्या, "पिशवी सडायला लागलीय. उद्या नाही तर परवा फुटेल. मी सांधणीच्या समितीकडे अर्ज टाकते, पण समिती तीन दिवस घेते. आणि समितीसुद्धा देहपटच बघणार. तू नोंदीची विभागणी कर. तुझंच तर काम आहे."

माझंच काम होतं, म्हणून तर मला पुढचं माहीत होतं. विभागणी केली की एका नोंदीच्या दोन होतात. डायलिसिस काकांच्या नव्या नोंदीत जातं. पण खुर्ची माणसाची नसते, नोंदीची असते. नवी नोंद रांगेत शेवटी उभी राहते, आणि साठीच्या माणसाची अचानक उगवलेली नोंद असेल तर आधी नव्वद दिवस पडताळणी. सहा नंबरच्या खुर्चीसाठी त्रेचाळीस जण थांबले होते. डायलिसिसशिवाय काका दहा-बारा दिवस काढतील, असं त्यांची टेक्निशियन म्हणायची. खाजगी डायलिसिस केंद्रंसुद्धा सांधणीचीच परवानगी मागतात.

घरी आलो. बाबा समोरच्या खोलीत बाजेवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. काका उंबऱ्यात बसले होते. आई आत चहा ठेवत होती. मी सगळं सांगितलं.

"दाब बटन," काका लगेच म्हणाले. "माही साठी झाली. बँड बी बंद झाला. आता लोक फोनवर गाणं लावून वरात काढून राहिले. मी काय करू जगून?"

"तुले कोणी विचारलं बे?" बाबा बाजेवरून म्हणाले.

"माही किडनी आहे. मले नाही तं कोणाले विचारतीन?"

"तुही कुठं आहे? कागदावर माही आहे."

"भाऊ, मस्करी नको करू."

"मस्करी नाही करून राहिलो. माह्या कागदाले हात लावायचा नाही. प्रण्या, तुले बी सांगतो. तू बटन दाबलं तं मी टेबलावर चढणार नाही. उचलून न्याल तं उतरून येईन."

"लहानपणापासून असाच आहे," काका मला म्हणाले. "पतंग बी असाच द्यायचा. अन् मंग त्यासाठी आयुष्यभर उपकार."

"उपकार कोणी काढले?"

"तू नाही काढले. म्हणून तं जड होते."

बाबा कण्हले. ते कण्हत नसत, त्यामुळे त्यांना नीट जमलं नाही. खोकल्यासारखं काहीतरी झालं.

आई चहा घेऊन बाहेर आली. "भाऊजींच्या स्वतःच्या नावावर काय काय लिहिलं आहे?" तिने मला विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणालो. खरंच नव्हतं. पुंडलिक पिंपळशेंडे या नावाला क्रमांक होता, पण त्याखाली एक ओळ नव्हती. साठ वर्षांत एकदाही न शिंकलेला माणूस. दर वर्षी सांधणीकडून त्यांना अभिनंदनाचा संदेश यायचा, की आपण राज्यातल्या सर्वांत निरोगी नागरिकांपैकी आहात, असेच चालू ठेवा. तो संदेश काका डायलिसिसच्या खुर्चीवर बसून वाचायचे.

"मंग ह्यायलेच भाऊजी म्हणून घेऊन जा," आई म्हणाली. "पंचवीस वर्षं त्यायनं ह्यायचं नाव वापरलं. आठ दिवस हे त्यायचं वापरतीन."

मी या विषयाचा पगार घेतो. मला हे सुचलं नव्हतं. कोऱ्या नोंदीला देहपट नसतो, जुळवायला जुना चेहराही नसतो. देहपट नसला की यंत्र गप्प बसतं आणि डॉक्टरांचे डोळे चालतात. जंगलात सापडलेल्या अनोळखी माणसासाठी केलेली सोय होती ती.

मी डॉक्टर वासेकरांना फोन केला. "मॅडम, माझ्या काकांच्या पोटात दुखतंय."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"कधीपासून?"

"बाबांच्या दुखतंय तेव्हापासूनच."

"घेऊन ये," त्या म्हणाल्या. "पण नोंद कोरी असली तरी माणूस कोरा नसतो. या काकांना खरं काय काय झालंय ते एका कागदावर लिहून आण. तासाभरात."

मी फोनवर बाबांची नोंद उघडली. दोनशे चौदा ओळी. बाजेशेजारी खुर्ची ओढून बसलो आणि वाचायला लागलो. ज्याची असेल त्याने हो म्हणायचं.

"२०१३. डाव्या पायाला खिळा."

"मी," काका म्हणाले.

"तू कुठं? मी," बाबा म्हणाले. "पॅकिंगच्या फळीत होता."

"मले मांडवाच्या फळीत गेलता."

दोघांनी डावे पाय वर केले. दोन्ही तळव्यांवर खूण होती. मी पुढे गेलो.

"२०१५. मूळव्याध."

कोणीच बोललं नाही.

"कोणाला तरी झाली असेल ना?"

"दवाखान्याची चूक असेल," बाबा म्हणाले. काकांनी मान डोलावली. त्या दिवशी दोघांचं एवढं एकच जमलं.

आई आत बाबांची पिशवी भरत होती. मी वाचत होतो. मलेरिया, खांदा, चष्म्याचा नंबर, कुत्रा. कुत्रा दोघांनाही हवा होता, कारण तो तेव्हाच्या पोलीस पाटलाचा होता आणि चावण्यात मान होता. बाबांना मध्येच कळ यायची, आम्ही थांबायचो, कळ गेली की ते "हं, पुढं" म्हणायचे. घड्याळात चाळीस मिनिटं झाली होती.

"२०१४, पोळ्याचा आठवडा," मी वाचलं. "पेनिसिलीनच्या इंजेक्शननंतर अंगावर गांध्या, श्वास कोंडला. पुन्हा देऊ नये."

"हे पुंडलिकचं," बाबा म्हणाले.

"माहं?" काका म्हणाले. "मले त्या पोळ्याले गांध्या आलत्या, पण त्या झिंगे खाल्ल्यानं."

"झिंग्यानं नाही, इंजेक्शननं. मले पक्कं आठवते. तू लाल लाल होऊन वट्ट्यावर बसला होता, अन् मी वारा घालत होतो."

"हो, बसलो होतो."

"मंग?"

"मंग माहंच असेल," काका म्हणाले. घरात काही फुटलं की काकांनी फोडलं, हे पंचवीस वर्षांत त्यांनाही पटलं होतं. मी काकांपुढे खूण केली आणि पुढची ओळ वाचली.

बाबांच्या कागदावर शेवटी तीन गोष्टी आल्या: दाढ, खिळा, आणि चष्मा.

दाखल करताना पाय ओढत चालणाऱ्या बाबांना मी हळू आवाजात विचारलं, "नाव?"

"पुंडलिक," ते म्हणाले. "वय दोन वर्षं कमी सांगू ना? बरं झालं, तरुण झालो."

डॉक्टर वासेकर दारात आल्या. "हे काका का?"

"हो, मॅडम."

"दिसतात अगदी तसेच."

"भाऊच आहेत, मॅडम."

त्यांनी बाबांचा हात हातात घेऊन नाडी बघितली आणि "टेबल तयार करा" एवढंच म्हणाल्या. मी नातेवाईकाचा फॉर्म भरायला बसलो. नातं: पुतण्या. मधुमेह: नाही. किडनीचा आजार: नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा बाबांची तब्येत कागदावर चांगली दिसत होती. मग प्रश्न आला: औषधाची अॅलर्जी. आहे, नाही, माहीत नाही.

'माहीत नाही' लिहिलं की यंत्र आधी त्वचेवर चाचणी मागतं आणि तिला चार तास लागतात. हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. मला कामामुळे माहीत होतं. घरातून निघताना बाबांचं अंग तापून कोळसा झालं होतं. मी 'नाही' वर बोट ठेवलं.

अकरा वाजता आत नेलं. साडेअकराला आतून धावपळीचा आवाज आला. पावणेबाराला डॉक्टर वासेकर बाहेर आल्या. त्यांनी टोपी काढलेली होती.

"पोट अजून उघडलंही नव्हतं," त्या म्हणाल्या. "आधी अँटिबायोटिक देतात. पेनिसिलीनच्याच जातीचं. गेलं आणि दोन मिनिटांत श्वास बंद. अंगभर गांध्या."

दोनशे चौदा ओळींमध्ये बाबांची स्वतःची म्हणावी अशी एक मोठी गोष्ट होती. तीही त्यांनी भावाला दिली होती. आणि मी लिहून घेतली होती.

"तू 'नाही' का लिहिलंस?" डॉक्टरांनी विचारलं.

"'माहीत नाही' लिहिलं असतं तर चार तास लागले असते."

"लागले असते," त्या म्हणाल्या. याहून जास्त त्या मला कधीच काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

स्मशानात नोंदवहीवाल्याने विचारलं, "कोण वारलं?"

"वडील," मी म्हणालो.

त्याने दाखला बघितला. "इथं पुंडलिक लिहिलं आहे. तुझ्या वडिलांचं नाव काय?"

"दिवाकर."

"ते कुठं आहेत?"

मी काकांकडे बोट दाखवलं. काका भिंतीला टेकून उभे होते, टोपी नसलेल्या बँडवाल्यासारखे. नोंदवहीवाल्याने त्यांच्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या मडक्याकडे बघितलं, आणि वही मिटली. "दुःखात माणूस काहीही बोलते," तो म्हणाला. "जा, पाणी पी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या फोनवर सांधणीचा संदेश आला. "श्री. दिवाकर, आपले बंधू पुंडलिक यांच्या निधनाबद्दल सांधणी परिवार दुःखी आहे. त्यांचा मृत्यू पेनिसिलीनने झाला. आपल्या नोंदीत हीच अॅलर्जी आहे. असे दोष भावाभावांत आढळतात. कृपया काळजी घ्यावी." खाली एक बटन होतं: धन्यवाद, उपयोगी पडले.

यंत्राला सगळं बरोबर कळलं होतं. एक दिवस उशिरा, आणि चुकीच्या माणसासाठी.

खरं लिहिणं माझ्या हातात होतं. लॉगिन चालू होतं. 'दिवाकर: मृत' अशी एक दुरुस्ती, खाली माझी सही, पुढे माझी चौकशी, ती मी मनातून मागतच होतो. पण त्या दुरुस्तीबरोबर सहा नंबरची खुर्ची रिकामी होणार होती. त्यासाठी बाबा भावाच्या नावाने गेले नव्हते. मी लॉगिन बंद केलं.

काकांनी मात्र वेगळं ठरवलं. ते डायलिसिसला गेलेच नाहीत. एक आठवडा गेला, पुढचा सोमवार गेला, बुधवार गेला. शुक्रवारी त्यांचे पाय मुसळासारखे सुजले आणि बसल्या जागी धाप लागायला लागली.

"मी त्याच्या खुर्चीवर बसणार नाही," ते म्हणाले. "त्याचं नाव घेतलं, पित्त घेतलं, शेवटी मरण बी घेतलं त्याचं. आता बस झालं."

"मरण तुमचं होतं, काका," मी म्हणालो. "ते त्यांनी घेतलं."

हे मी त्यांना लागावं म्हणूनच बोललो होतो.

त्याच दिवशी रुग्णालयाची नोटीस आली. एखाद्या घरात मृत्यू नोंदला गेला की त्या घरातल्या दीर्घकालीन रुग्णाची ओळख पुन्हा पटवावी लागते. लोक मेलेल्या माणसांच्या खुर्च्या वापरतात, असं वर कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. रुग्णासमोर उभं राहून त्याच्या पत्नीने स्वतःच्या आवाजात त्याचं नाव आणि नातं सांगावं. मुदत शनिवार सकाळ. नाही तर खुर्ची पुढच्याला.

मी नोटीस वाचून दाखवली. काकांनी भिंतीकडे तोंड केलं. आई उठली, आत गेली, लुगडं बदलून आली.

"अजून शनिवार नाही झाला," मी म्हणालो.

"भाऊजींले आत्ताच धाप लागून राहिली. शनिवारपर्यंत कोण बसते?" आई म्हणाली. "उठा, भाऊजी."

"वहिनी, मी नाही..."

"माहा माणूस तुमच्या पायी गेला," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुम्ही बी गेले तं तो कायच्यासाठी गेला? उठा म्हणते ना."

काका उठले. रिक्षात बसल्यावर आईने पर्समधून मंगळसूत्र काढलं, अकरा दिवसांपूर्वी काढून ठेवलेलं, आणि पदराखालून गळ्यात घातलं. रिक्षावाला आरशात बघत होता. तो आमच्याच गल्लीतला होता, अंत्ययात्रेला आला होता. त्याने आरसा फिरवला.

डायलिसिसच्या खोलीत टेक्निशियन रीना कुमरे होती. ती काकांना चार वर्षं ओळखत होती. "किती सुजलात हो, दिवाकरभाऊ," म्हणत तिने त्यांना खुर्चीत बसवलं. मग आईला काचेच्या एका पट्टीसमोर उभं केलं. "ताई, इथं बोला. पेशंटचं पूर्ण नाव, आणि तुमचे कोण. तीस सेकंद मिळतात."

आई काचेसमोर उभी राहिली. ओठ हलले, आवाज आला नाही.

मला वाटलं ती खोटं बोलायला अडखळतेय. मग लक्षात आलं. एकतीस वर्षांच्या संसारात आईने नवऱ्याचं नाव कधी घेतलंच नव्हतं. 'अहो', 'प्रणयचे बाबा', नाही तर नुसतंच 'हे'. डोहाळेजेवणात बायका उखाण्यासाठी मागे लागल्या की ती स्वयंपाकघरात जायची. फॉर्मवर नाव लिहायची, ते शेजारणीने वाचलं तर पदर तोंडाला लावायची.

काचेवर आकडे उतरत होते. बारा. अकरा.

"राहू द्या," काका खुर्चीतून पुटपुटले, "राहू द्या, वहि..."

"गप राहा," आई म्हणाली. रीनाने मान वर केली. आईने काचेकडे तोंड केलं.

"दिवाकर," ती म्हणाली.

यंत्र म्हणालं, "आवाज अस्पष्ट. कृपया पुन्हा सांगा."

"दिवाकर. दिवाकर माधव पिंपळशेंडे."

"नातं?"

"माहे मालक."

हिरवा दिवा लागला. रीनाने काकांच्या हातात पहिली सुई घातली. नळी लाल झाली, पंप फिरायला लागला, आणि काकांनी दुसऱ्या हाताने डोळे झाकले.

आई काचेसमोरून हलली नव्हती. घरी माणसं यायची तेव्हा तिला रडता आलं नव्हतं. गल्ली कोणासाठी रडतेय आणि दाखला कोणाचा आहे, या भीतीने ती अकरा दिवस पदर तोंडात धरून बसली होती.

"दिवाकर," ती त्या काचेला म्हणाली. मग थोडं मोठ्याने, "दिवाकर. अहो, दिवाकर."

रीना तिच्याजवळ गेली आणि तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं, ताई," ती म्हणाली. "पुन्हा नाही लागत. घेतलं त्यानं."

आई थांबली नाही.